आठ पस्तीस ते नऊ दहा

29 मार्च 2005, मंगळवार. इंग्लंड.

ईस्टरची सुट्टी कालच संपली आहे. एलेन ब्रोमिली, वय 37, नवरा मार्टिन आणि दोन लहान मुलांबरोबर एका खासगी रुग्णालयात आल्या आहेत. सायनसचा त्रास जुना आहे. दुर्बिणीतून सायनस मोकळे करायचे आणि नाकातला वाकडा पडदा सरळ करायचा, असं ऑपरेशन ठरलं आहे. आपल्याकडे ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणून लोक ईएनटीवाल्याकडे जातात, त्याच जातीचं. घाई कसलीच नाही. तारीख आधीच घेतलेली आहे.

मुलं आईला हात हलवून निरोप देतात. मार्टिन त्यांना घेऊन बाहेर पडतात. ते व्यवसायाने वैमानिक आहेत.

एलेन या भुलेतून जाग्या होणार नाहीत. 13 दिवसांनी, 11 एप्रिलला, त्यांचा मृत्यू होईल. जे बिघडायचं ते 35 मिनिटांत बिघडतं, आणि त्या 35 मिनिटांची नोंद आज जगभरचे भूलतज्ज्ञ शिकताना वाचतात. नोंद उपलब्ध आहे कारण मार्टिन यांनी चौकशीचा आग्रह धरला.

ऑपरेशनच्या आधी

भूलतज्ज्ञाला 16 वर्षांचा अनुभव आहे, ईएनटी सर्जनला 30 वर्षांचा. ओटीतल्या चार सिस्टरपैकी तीन मुरलेल्या आहेत. ओटी सुसज्ज आहे. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण अशी बातमी वाचली की आपलं मन पहिल्यांदा अडाणी डॉक्टर नाहीतर मोडकं यंत्र शोधतं. इथे दोन्ही नाहीत.

भूल देण्याआधीच्या तपासणीत मोठी चिंता वाटावी असं काही आढळलेलं नाही. तोंड किती उघडतं, मान किती वळते, दात कसे आहेत, हे पाहून पुढे घशात नळी घालायला त्रास होईल का याचा अंदाज बांधतात. या अंदाजाची मर्यादा पुढे डेन्मार्कमध्ये मोजली गेली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 1,88,064 रुग्णांच्या नोंदी होत्या. ज्यांना नळी घालणं प्रत्यक्षात अवघड गेलं, त्यांतल्या 93 टक्के जणांच्या बाबतीत आधी तसा अंदाज आलेला नव्हता.

म्हणजे तपासणीत काही न सापडणं ही हमी नसते. म्हणूनच आयत्या वेळी काय करायचं ते लिहून ठेवावं लागतं. ते लिहिलेलंही होतं. ब्रिटनमधल्या ‘डिफिकल्ट एअरवे सोसायटी’ने 2004 मध्ये, या मंगळवारच्या जेमतेम वर्षभर आधी, ‘अ‍ॅनेस्थेशिया’ या नियतकालिकात मार्गदर्शक सूचना छापल्या होत्या. त्यांत चार पायऱ्या होत्या: ए, बी, सी, डी. शेवटची पायरी अशा वेळेसाठी, जेव्हा नळीही जात नाही आणि मास्कने हवाही जात नाही. त्या पायरीवर एकच उपाय दिला होता: गळ्याच्या समोरून थेट श्वासमार्ग उघडणे.

8.35

शिरेतून भुलेची औषधं जातात: प्रोपोफॉल आणि रेमिफेंटॅनिल. एलेन बेशुद्ध होतात. या क्षणापासून त्यांचा श्वास त्यांच्या हातात नाही.

श्वासनळीत ट्यूब न घालता लॅरिंजिअल मास्क बसवायचं ठरलं आहे. हा रबरासारख्या मऊ पदार्थाचा, टोकाला फुगणारा मास्क असतो. तो घशात स्वरयंत्रावर बसतो आणि त्यातून ऑक्सिजन देता येतो. अशा ऑपरेशनला ही पद्धत नेहमीची आहे.

मास्क बसत नाही. जबड्याचे स्नायू घट्ट आहेत. आणखी औषध दिलं जातं. दुसऱ्या मापाचा मास्क घालून पाहतात. तोही बसत नाही.

8.37

एलेन निळसर दिसू लागतात. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण 75 टक्के.

हा आकडा मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. 2020 आणि 2021 मध्ये आपल्या घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेली माणसं होती, आणि 94 च्या खाली आकडा उतरला की बेडसाठी फोन सुरू व्हायचे. इथे 75 आहे, आणि भूल देऊन दोन मिनिटं झाली आहेत.

8.39

40 टक्के.

तोंडावर मास्क घट्ट धरून, तोंडात जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी ठेवून, शंभर टक्के ऑक्सिजन पिशवीने दाबून आत ढकलायचा प्रयत्न चालू आहे. छाती हलत नाही म्हटलं तरी चालेल.

ओटीतल्या ऑक्सिमीटरचा बीप आकड्याबरोबर बदलतो. प्रमाण पूर्ण असेल तर सूर वरचा, ते घसरलं की सूर खाली खाली उतरतो. डोळे रुग्णाच्या घशावर असले तरी कानाला कळावं, म्हणूनच तशी रचना आहे. 40 टक्क्यांना तो सूर फार खोल गेलेला असतो.

8.41 ते 8.43

आकडा 40 वरच. आता नाडीही मंदावू लागली आहे. ऑक्सिजनविना हृदय थकत चालल्याची ही खूण आहे.

शेजारच्या ओटीतून दुसरे भूलतज्ज्ञ मदतीला येतात. नाडी वाढवण्यासाठी अ‍ॅट्रोपिन देतात, स्नायू पूर्ण सैल पडावेत म्हणून सक्सामेथोनियम. आता श्वासनळीत ट्यूब घालायची असं ठरतं.

हा निर्णय चुकीचा नाही. ट्यूब बसली असती तर हे प्रकरण पुढच्या मिनिटात संपलं असतं आणि एलेन दुपारी घरी जायच्या गोष्टी करत असत्या.

8.45

लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेवरून आत जातं, पण स्वररज्जू दिसतच नाहीत. ट्यूब कुठे घालायची ते दिसल्याशिवाय ती घालता येत नाही.

ट्यूब जात नाही. हवा जात नाही. भूल देऊन 10 मिनिटं झाली आहेत, 40 टक्क्यांवर 6. ऑक्सिजन पूर्ण तुटला तर मेंदूच्या पेशी चार-पाच मिनिटांत मरू लागतात.

हीच ती शेवटची पायरी. आपल्या कंठमण्यावर बोट ठेवून ते मधोमध हळूच खाली सरकवलं की एक लहानसा खळगा लागतो. त्याखाली पुन्हा एक कडक कडं लागतं. त्या खळग्यात कातडी आणि एक पातळ पडदा, एवढंच आहे. पडद्यापलीकडे श्वासमार्ग. अशा वेळी अडथळा बहुधा या जागेच्या वर असतो. इथे छेद देऊन नळी सरकवली की फुफ्फुसांना ऑक्सिजन मिळतो. जखम होते, व्रण राहतो. सायनससाठी आलेल्या बाईंच्या गळ्याला चिरा द्यायचा, हा निर्णय जड आहे हे खरं. पण 8.45 ला दुसरा निर्णय शिल्लक नाही.

‘आपण आता शेवटच्या पायरीवर आहोत’ हे वाक्य ओटीत कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

8.47 ते 8.50

ईएनटी सर्जनही आता मदतीला आहेत. एलेनच्या डोक्याशी तीन वरिष्ठ डॉक्टर उभे आहेत. त्यांतल्या एकाचा तर गळा हाच रोजच्या कामाचा भाग आहे.

वेगवेगळी लॅरिंगोस्कोप वापरून पुन्हा प्रयत्न. लवचीक दुर्बीण घालून प्रयत्न. सगळे प्रयत्न ट्यूब घालण्याचेच.

याच मिनिटांत एक सिस्टर बाहेर जाऊन ट्रॅकिऑस्टॉमीचा सेट घेऊन येते. गळ्यात छेद देऊन नळी बसवायला लागणारं सगळं त्यात असतं. ती आत येऊन सांगते की सेट आणलाय. कुणी तो घेत नाही. सेट तिथेच राहतो.

दुसरी सिस्टर एलेनचा रंग आणि मॉनिटरवरचे आकडे पाहते, बाहेर जाते आणि आयसीयूला फोन करून बेड राखून ठेवायला सांगते. परत येऊन डॉक्टरांना सांगते की आयसीयूत बेड आहे. डॉक्टर तिच्याकडे अशा नजरेने पाहतात, की आपण उगाच घाबरलो असं तिला वाटतं. ती पुन्हा बाहेर जाते आणि बेड रद्द करते.

या दोघींना काय करायला हवं ते कळलं होतं. नंतरच्या चौकशीत ते स्पष्ट झालं. ते कसं बोलायचं, कोणत्या शब्दांत, तीन-तीन सीनियर डॉक्टर उभे असताना आपण बोलायचं की नाही, हे त्यांना कळलं नव्हतं. ज्याने कुणी आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात चार दिवस काढले आहेत, त्याला सेट आणणाऱ्या त्या सिस्टरची जागा बरोबर ओळखता येईल. तिने तिच्या परीने सांगितलं. विचारल्याशिवाय सांगितलं. सामान आणून समोर धरलं. यापेक्षा जास्त आवाज करायची मुभा तिला कुणी कधी दिली नव्हती.

8.51 ते 8.55

सर्जन सरळ पात्याचा लॅरिंगोस्कोप घेऊन स्वतः पाहतात. ट्यूब जात नाही.

मार्टिन यांच्या व्यवसायात, एकाच गोष्टीत अडकून पडण्याच्या या अवस्थेचा अभ्यास फार आधी झाला होता. 28 डिसेंबर 1978 ला युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं विमान पोर्टलंडजवळ घिरट्या घालत होतं. चाकांमध्ये बिघाड असावा, अशी शंका होती. कॅप्टन जवळपास तासभर चाकांच्या मागे लागला. इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत होते, पण अडखळत, दबक्या आवाजात. इंधन संपलं. विमान शहराच्या उपनगरात पडलं आणि 10 माणसं गेली. त्यानंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या कनिष्ठांना स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनला ते ऐकायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. मार्टिन त्याच प्रशिक्षणातून घडले होते. वैद्यकीय शिक्षणात तेव्हा असलं काही सहसा शिकवत नसत.

हातात कौशल्य असलेला माणूस संकटात त्याच कौशल्याला चिकटून बसतो. एक प्रयत्न फसला की दुसरा जमेल असं वाटतं, आणि दर प्रयत्नाला मिनिट-दोन मिनिटं जातात. आत असलेल्याला ती कळत नाहीत. आपण किती वेळ झगडतो आहोत याचं भान सुटलं होतं, हे पुढे चौकशीत निघालं.

8.55 ते 9.00

ज्यातून ट्यूबही घालता येते अशा वेगळ्या प्रकारचा लॅरिंजिअल मास्क बसवला जातो. थोडी हवा जाऊ लागते. ऑक्सिजन 90 टक्क्यांपर्यंत वर येतो.

75 चा आकडा 8.37 ला दिसला होता. मधे 18 मिनिटांहून जास्त गेली.

9.00 ते 9.10

मास्क बसला आहे, 90 चा आकडा दिसतो आहे. इथे थांबून, ऑपरेशन रद्द करून एलेनला उठवता आलं असतं. तसं होत नाही. त्या मास्कमधून ट्यूब आत घालायचे प्रयत्न आणखी दहा मिनिटं चालतात. दुर्बीण वापरून पाहतात. जमत नाही.

9.10

ऑपरेशन सोडून द्यायचं ठरतं.

मास्क काढतात. एलेन स्वतःहून श्वास घेऊ लागतात. त्यांना रिकव्हरी रूममध्ये नेतात. भूल उतरली की जाग येईल, या अपेक्षेने.

रिकव्हरी रूम

मला या घटनाक्रमात सर्वांत जास्त त्रास या भागाचा होतो. ओटीतली 35 मिनिटं धावपळीची होती, तिथे माणसाची बुद्धी कशी अडकते ते समजून घेता येतं. रिकव्हरीत धावपळ नव्हती. प्रोपोफॉल आणि रेमिफेंटॅनिल ही दोन्ही लवकर उतरणारी औषधं आहेत, मिनिटांच्या हिशोबात उतरतात. अर्धा तास जातो. तास जातो. एलेन शुद्धीवर येत नाहीत. आयसीयूतला बेड रद्द झालेला आहे. सकाळी त्या सिस्टरने फोन करून जे मागितलं होतं, ते द्यायचा निर्णय सुमारे 11 वाजता होतो.

11.00 च्या सुमारास

एलेनना दुसऱ्या रुग्णालयातल्या आयसीयूत हलवतात. मार्टिन यांना फोन जातो की एलेन नीट जाग्या होत नाहीयेत.

30 मार्च ते 11 एप्रिल

मेंदूला झालेली इजा भरून येणारी नाही, हे स्पष्ट होतं. कुटुंबाशी बोलून जीवरक्षक उपचार थांबवले जातात. 11 एप्रिल 2005 ला एलेन यांचा मृत्यू होतो.

नंतर

मार्टिन यांना सुरुवातीला सांगण्यात आलं की डॉक्टरांनी योग्य तेच निर्णय घेतले, दुर्दैवाने यश आलं नाही. चौकशी कधी होणार, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या क्षेत्रात अपघातानंतर चौकशी होतेच, त्यासाठी कुणाला भांडावं लागत नाही. इथे मात्र तक्रार किंवा दावा केल्याशिवाय चौकशी होत नसते, असं उत्तर आलं. त्यांनी दावा लावला नाही, पण पाठपुरावा सोडला नाही. अखेर भूलशास्त्राचे प्राध्यापक मायकेल हार्मर यांच्याकडे स्वतंत्र तपास सोपवला गेला. वर दिलेल्या वेळा त्या तपासातून आलेल्या आहेत. पुढे मार्टिन यांच्या संमतीने अहवाल सर्वांसाठी खुला झाला. त्यात डॉक्टरांची नावं नाहीत, फक्त अक्षरं आहेत.

2007 मध्ये मार्टिन यांनी ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ ही संस्था उभी केली. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची तपासणी-यादी काढली. ते काम डॉ. अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. भूल देण्याआधी विचारायचा एक प्रश्न त्या यादीत आहे: या रुग्णाचा श्वासमार्ग अवघड आहे का, आणि असल्यास सामान व मदत हाताशी आहे का? छेद देण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, हेही त्यात आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस नंतरही बोलतो, हा त्यामागचा विचार. नावं सांगण्यात वेळ वाया जातो, असं मानणाऱ्यांनी 8.47 चा परिच्छेद पुन्हा वाचावा.

2011 मध्ये ब्रिटनमधल्या भुलेच्या श्वासमार्गाशी निगडित अपघातांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. एका वर्षात, सुमारे 29 लाख भुलांमागे, 133 गंभीर घटना आणि 16 मृत्यू नोंदले गेले. म्हणजे धोका फार विरळा आहे, ऑपरेशनला निघालेल्या कुणी हे वाचून घाबरू नये. पण त्या घटनांतही निर्णयातली चूक आणि संवादातली चूक पुन्हा पुन्हा दिसली. 2015 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ट्यूब घालायच्या प्रयत्नांना तीनची मर्यादा आली, चौथा फक्त अधिक अनुभवी व्यक्तीने करायचा. प्रत्येक पायरी फसली की ती फसल्याचं ओटीत जाहीर करायचं. मास्क बसून ऑक्सिजन मिळू लागला की थांबायचं आणि विचार करायचा. गळ्यातल्या छेदासाठी सुईऐवजी सुरी, कारण सुईचा उपाय 2011 च्या पाहणीत बहुतेकदा फसलेला आढळला होता.

बोलायचं कुणी, हा प्रश्न नव्या प्रकारच्या ओटीतही येतो. मुंबई-पुण्यात आता प्रोस्टेटच्या, गर्भाशयाच्या, मूत्राशयाच्या शस्त्रक्रिया रोबोटने होतात. तिथे रुग्णाचं डोकं 25 अंशांहून जास्त खाली झुकवलेलं असतं, हात अंगालगत बांधलेले, पोटावर यंत्राचे बाहू जोडलेले. सर्जन काही अंतरावर कन्सोलमध्ये डोळे घालून बसलेला असतो आणि त्याचा आवाज स्पीकरमधून येतो. अशा वेळी हृदय थांबलं किंवा ट्यूब निसटली, तर आधी यंत्र सोडवावं लागतं, मगच रुग्णापर्यंत नीट पोचता येतं. म्हणून यंत्र सोडवण्याची तालीम आधी करून ठेवायला सांगतात: हत्यारं कोण काढणार, बाहू कोण उचलणार, टेबल कोण सरळ करणार. ‘आता सोडवा’ हे कोण म्हणणार, तेही आधीच ठरवावं लागतं, कारण कन्सोलमध्ये बसलेल्या सर्जनला रुग्णाचा चेहरा दिसत नसतो.

एलेनच्या ओटीतले डॉक्टर पुन्हा कामावर रुजू झाले. आपल्यालाही तेच हवं होतं, असं मार्टिन यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. त्या सकाळी जे घडलं ते त्या माणसांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि त्यांच्या पुढच्या रुग्णांना त्याचा उपयोग व्हावा, एवढंच मार्टिन यांनी मागितलं.